पोट भरलेलं डुक्कर आणि रिकामं नाक

११ मे २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने डुकरांच्या एका खटल्याचा निकाल दिला. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २०१८ मध्ये सुमारे ६३ टक्के मतांनी एक कायदा मंजूर केला होता. राज्यात जे डुकराचं मांस विकलं जाईल, ते ज्या डुकरिणीच्या पिलांचं असेल तिला निदान जागच्या जागी वळता यावं, दर डुकरिणीमागे किमान २४ चौरस फूट जागा असावी, असं त्यात म्हटलं होतं. हे मांस बहुतेक दुसऱ्या राज्यांतून येतं. एका राज्याने बाकीच्यांच्या गोठ्यांना नियम लावायचे हे घटनेत बसतं का, असा सवाल करून उद्योगाने दावा ठोकला. पाच विरुद्ध चार मतांनी कायदा टिकला.

युरोपात हाच वाद वेगळ्या वाटेने चाललाय. पाळीव जनावरांचे पिंजरे बंद करा, या मागणीवर तिथे सुमारे १४ लाख सह्या झाल्या. जून २०२१ मध्ये युरोपीय आयोगाने २०२३ अखेरपर्यंत कायद्याचा प्रस्ताव आणू असं आश्वासन दिलं. ते साल उलटलं आणि प्रस्ताव आला नाही.

जनावराला वळता येतं की नाही, एवढ्याशा गोष्टीवरून इतकं रामायण का घडतं हे समजून घ्यायचं तर आधी डुक्कर नीट पाहायला हवं. आपल्यातल्या बहुतेकांची त्याच्याशी ओळख शिव्यांपुरतीच असते.

## मोकळं सोडलं तर ते काय करतं?

१९७० च्या दशकाच्या अखेरीस अलेक्स स्टोल्बा आणि डेव्हिड वुड-गश या संशोधकांनी व्यापारी फार्मवरच्या वाणाची साधी डुकरं एडिनबर्गजवळच्या एका मोठ्या कुंपणात सोडली. आत पाइनची झाडी, काटेरी झुडपं, ओढा, दलदल असं सगळं होतं. खाणं रोज ठरल्याप्रमाणे मिळत होतं. मग ती दिवसभर काय करतात याची त्यांनी बारकाईने नोंद ठेवली. निष्कर्ष १९८९ मध्ये सविस्तर प्रसिद्ध झाले आणि या विषयावरचं आजचं बहुतेक लिखाण कुठून ना कुठून तरी त्यांच्यापाशी येतंच.

खायला आयतं मिळत असूनही उजेडातला सुमारे ५२ टक्के वेळ ही डुकरं जमीन उकरण्यात आणि चरण्यात घालवत होती. आणखी २३ टक्के वेळ हिंडण्यात आणि आसपासच्या वस्तू हुंगून, ढोसून बघण्यात जाई. दिवसा नुसतं पडून राहणं सहा टक्क्यांच्या आसपास. झोपण्यासाठी त्यांनी खाण्याच्या जागेपासून लांब, आडोशाला सामाईक घरटी केली आणि विष्ठेसाठी त्या घरट्यांपासून दूरच्या जागा धरल्या. काही माद्या आणि त्यांची पिलं असे लहान गट जमले. रानडुकरांतही कळप माद्यांचेच असतात. वयात आलेला नर बहुधा एकटा फिरतो आणि माद्या माजावर आल्या की कळपाजवळ येतो.

माणसाने डुक्कर पाळायला लागून सुमारे नऊ हजार वर्षं झाली. तेवढ्या काळात त्याचं शरीर आपण ओळखू येणार नाही इतकं बदललं. ते लांब आणि जड झालं, केस विरळ झाले, रंग गोरा झाला, वाढ झपाट्याने व्हायला लागली, आणि रानडुकरीण चार-सहा पिलं देते तिथे फार्मवरची डुकरीण चौदा किंवा त्याहूनही जास्त द्यायला लागली. पण दिवसभर काय करावंसं वाटतं ही आतली यादी जवळपास होती तशीच राहिली. एडिनबर्गच्या कुंपणात ती काही दिवसांतच पुन्हा उघडली गेली.

## विण्याआधीचा एक दिवस

त्या यादीतली सगळ्यात जोरकस गोष्ट म्हणजे विणीचं घरटं. स्वीडनमध्ये पेर येन्सन यांनी १९८० च्या दशकात अर्धरानटी वातावरणातल्या डुकरिणींचं यासाठी निरीक्षण केलं.

गाभणपण साधारण ११४ दिवसांचं. विण्याला एक दिवस उरला की डुकरीण अस्वस्थ होते, कळप सोडते आणि एकटीच चालायला लागते. काही माद्या काही किलोमीटर चालतात. आडोसा असलेली, शक्यतो एका बाजूने तरी झाकलेली जागा पसंत पडली की ती नाकाने उथळ खड्डा उकरते, पुढच्या पायांनी माती मागे लोटते. मग गवत, पानं, काटक्या, फांद्या तोंडात धरून फेऱ्या सुरू होतात. आणलेला माल खड्ड्यात टाकायचा, पायाने सारखा करायचा, आत शिरून गोल फिरायचं, पुन्हा बाहेर. विण्याआधीच्या काही तासांत हे काम शिगेला पोचतं आणि मग अचानक थांबतं. ती घरट्यात कुशीवर होते आणि पिलं येईपर्यंत शांत पडून राहते.

पिलं पहिले नऊ-दहा दिवस तिथेच असतात. त्यांना पाजणं हाही एक ठरलेला कार्यक्रम आहे. साधारण तासाला एकदा आई विशिष्ट लयीत घुरघुरून बोलावते. पिलं आचळाला नाकाने ढुशा देत राहतात, तिची घुरघुर वेग घेते, आणि मग पान्हा फुटतो तो जेमतेम वीस सेकंद. त्या वीस सेकंदांत ज्याच्या तोंडात सड नसेल त्याला पुढच्या तासापर्यंत उपास. म्हणून जन्मल्यापासून पहिल्या काही दिवसांतच प्रत्येक पिलू आपला सड नक्की करून टाकतं आणि नंतर तोच धरतं. छातीकडच्या सडांसाठी खरी मारामारी होते, आणि त्यासाठी पिलं जन्मतःच सुईसारखे आठ दात घेऊन आलेली असतात. हळूहळू दुधाचं प्रमाण कमी होत पिलं पूर्णपणे अंगावरून तुटायला तीन-चार महिने लागतात.

## नाक, चिखल आणि डोकं

डुकराचं नाक म्हणजे हात, फावडं आणि वास घेण्याचं यंत्र, सगळं एकातच. टोकाशी कडक चकती, तिला आतून आधार द्यायला खास हाड, आणि त्या चकतीत स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंची दाटी. जमिनीखालचं मूळ, किडा, कंद या चकतीने शोधायचा, उलथायचा, तपासायचा. रानात पोट भरण्यासाठी हेच करावं लागे, त्यामुळे हे करत राहण्याची ओढच रक्तात उतरली.

चिखलात लोळण्यावरून आपण त्याला घाणेरडं ठरवलं, पण डुकराला घामावाटे अंग थंड करता येत नाही. ओला चिखल अंगावर लिंपला की पाणी हळूहळू उडत राहतं आणि थंडावा नुसत्या पाण्यापेक्षा बराच जास्त वेळ टिकतो. शिवाय ऊन आणि माश्यांपासून बचाव होतो. जागा पुरेशी असेल तर ते झोपायची आणि हगायची जागा कटाक्षाने वेगळी ठेवतं. जागा नसली किंवा उकाडा असह्य झाला की मात्र ते स्वतःच्याच विष्ठेत लोळून गारवा मिळवतं, आणि आपण नेमकं तेच पाहिलेलं असतं.

डोक्याबद्दल बोलायचं तर उदाहरणं पुष्कळ आहेत. अमेरिकेत चार डुकरांना नाकाने जॉयस्टिक हलवून पडद्यावरचा ठिपका लक्ष्यापर्यंत न्यायला शिकवलं गेलं. खाऊ देणारं यंत्र बिघडलं तेव्हाही नुसत्या शाबासकीवर ती खेळत राहिली, असं संशोधक सांगतात. केंब्रिजमध्ये डॉनल्ड ब्रूम यांच्या २००९ च्या प्रयोगात, आरशाशी आधी ओळख झालेल्या आठपैकी सात डुकरांनी आरशात दिसणारं खाण्याचं भांडं आरशामागे न शोधता आडभिंतीला वळसा घालून गाठलं. आणि पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात फिलिपिन्समधल्या विसायन जातीच्या रानडुकरांना झाडाच्या सालीचा तुकडा तोंडात धरून घरट्याचा खड्डा खणताना पाहिलं गेलं. हे वाचायला मजा येते. पण ते हुशार आहे म्हणून त्याची काळजी घ्यावी, हा युक्तिवाद मला स्वतःला लंगडा वाटतो. वेदना व्हायला जॉयस्टिक चालवता यावी लागत नाही. बुद्धीचा मुद्दा इथे वेगळ्या कारणाने येतो. शोधायला, तपासायला, शिकायला बनलेल्या डोक्याला करण्यासारखं काहीच दिलं नाही तर त्याचं काय होतं, हा प्रश्न त्यातून उभा राहतो.

## आता शेडमध्ये

जगात वर्षाला साधारण १४० कोटी डुकरं कापली जातात. जवळपास निम्मं मांस एकट्या चीनमध्ये तयार होतं. तिथे हुबेई प्रांतात एझौ इथे २०२२ मध्ये डुकरांसाठी २६ मजली इमारत सुरू झाली. एवढ्या संख्येसाठी जी पद्धत जगभर रुजली, तिला दाट पालन म्हणू. थोड्या जागेत पुष्कळ जनावरं, कमीत कमी माणसं, आणि फटी असलेली सिमेंटची जमीन, जेणेकरून मलमूत्र आपोआप खालच्या हौदात पडावं.

पैदाशीच्या डुकरिणीचं आयुष्य दोन पिंजऱ्यांत विभागलेलं असतं. पहिला गाभणपणाचा पिंजरा. रुंदी सुमारे ६० सेंटिमीटर, लांबी सव्वादोन मीटरच्या आत. दोनशे किलोच्या पुढची डुकरीण त्यात उभी राहते, बसते, आडवी होते. वळू शकत नाही. विण्याआधी काही दिवस तिला दुसऱ्या, विणीच्या पिंजऱ्यात हलवतात. तिथे तिच्या दोन्ही बाजूंना पिलांसाठी मोकळी जागा असते, पण तिची स्वतःची जागा तेवढीच. पिलं तीन-चार आठवड्यांची झाली की काढून घेतात, आठवड्याभरात ती पुन्हा माजावर येते, रेतन होतं आणि चक्र पुन्हा सुरू. वर्षात दोनहून थोडी जास्त वेतं निघतात.

पिलांचे दात घासतात किंवा खुडतात, शेपटी छाटतात, नरांचं खच्चीकरण करतात. खच्चीकरण अशासाठी की वयात आलेल्या काही नरांच्या मांसाला शिजवताना उग्र दर्प येतो. हे सगळं अनेक ठिकाणी भूल न देता होतं. पुढे ती फटींच्या जमिनीवर वाढतात आणि साधारण सहा महिन्यांत ११०-१२० किलोची झाली की कत्तलखान्यात जातात. वाढत्या डुकराला किती जागा द्यायची हे युरोपीय संघाच्या कायद्यात लिहिलंय. ८५ ते ११० किलोच्या डुकरामागे किमान ०.६५ चौरस मीटर, म्हणजे सात चौरस फूट. आणि प्राण्यांच्या बाबतीत युरोपचा कायदा जगातल्या कडक कायद्यांपैकी समजला जातो.

## वर्तनाची गरज म्हणजे काय?

इथे एकच पारिभाषिक शब्द लागेल. एखादं काम त्याच्या फळासाठी नव्हे, ते काम केल्यावाचून राहवत नाही म्हणून जनावर करतं, तेव्हा त्याला वर्तनाची गरज म्हणतात. दमलेल्या माणसाला पोटभर वाढलं म्हणून त्याची झोप भागत नाही, तसं हे आहे. खाणं ही एक भूक, उकरणं ही दुसरी, आणि एकीने दुसरी शमत नाही.

याचा सरळ पुरावा विणीच्या घरट्यातूनच मिळाला. विणाऱ्या डुकरिणींना संशोधकांनी आयतं तयार घरटं देऊन पाहिलं. घरटं हवं एवढीच गरज असती तर त्या त्यात जाऊन पडल्या असत्या. पण त्यांनी तरीही घरटं बांधलंच. ही ओढ शरीरातल्या संप्रेरकांनी सुरू होते. समोर गवत आहे की लोखंडी गज, याची संप्रेरकांना खबर नसते. म्हणून विणीच्या पिंजऱ्यातली डुकरीणही विण्याआधी अस्वस्थ होते, सिमेंटवर पाय घासते, गजांना नाकाने ढोसत राहते, उठते, बसते. खड्डा होत नाही, काटक्या मिळत नाहीत, त्यामुळे काम कधी पुरं होत नाही.

गाभणपणात आणखी एक भर पडते. ती फार लठ्ठ होऊ नये म्हणून तिला मनसोक्त खाल्लं असतं त्याच्या निम्मं किंवा त्याहूनही कमी खाणं देतात, तेही दाणेदार, जे काही मिनिटांत संपतं. उरलेला दिवस रिकामा. अशा डुकरिणी तासन्‌तास गज चावतात, तोंडात काही नसताना चघळत राहतात, लाळेचा फेस येतो. अशा ठरावीक, निरर्थक, पुन्हा पुन्हा होणाऱ्या हालचाली म्हणजे काहीतरी बिनसल्याची खूण मानतात. खाण्यात चोथा वाढवला, पेंढा दिला की त्या कमी होतात.

## शेपटीचं कोडं

वाढत्या डुकरांच्या कप्प्यात हीच गोष्ट शेपटी चावण्याच्या रूपाने दिसते. कुणीतरी शेजाऱ्याची शेपटी हलकेच चघळायला लागतं, उकरायला दुसरं काही नसतं म्हणून. एक दिवस रक्त निघतं. रक्ताची चव लागली की बाकीचीही जमतात आणि एखाद-दोन दिवसांत कप्प्यातल्या अनेक शेपट्या तुटलेल्या असतात. जखमेवाटे जंतुसंसर्ग थेट मणक्यापर्यंत जाऊ शकतो. कोंदट हवा, गर्दी, आजारपण, खाण्यासाठी रेटारेटी, यातलं काहीही ठिणगी टाकू शकतं. म्हणून हे नुसत्या कंटाळ्याचं दुखणं म्हणता येत नाही. पण नाकाला काम नसणं हे जवळजवळ दरवेळी पाठीमागे असतं.

अनुभवी पालकाला हे आधी कळतं, कारण चावाचावी सुरू होण्याआधी काही दिवस डुकरांच्या वळलेल्या शेपट्या खाली लोंबायला लागतात. आता छताला लावलेले कॅमेरेही शेपट्यांची ठेवण मोजून तसा इशारा देऊ शकतात.

उद्योगाने यावर काढलेला तोडगा म्हणजे शेपटीच छाटणं. अर्धी शेपटी छाटली की उरलेला भाग जास्त संवेदनशील असतो, डुक्कर चावणाऱ्याला झिडकारतं आणि प्रकरण वाढत नाही. म्हणजे छाटणीचा उपयोग होतो, हे नाकारून चालणार नाही. फक्त, ज्या कारणाने चावलं जातं ते तसंच राहतं. युरोपीय कायद्याने शेपट्या सरसकट छाटायला केव्हाच मनाई केली आहे, तरी बहुतेक सदस्य देशांत बहुतेक डुकरांची शेपटी आजही छाटलेली असते. स्वीडन आणि फिनलंडमध्ये ती छाटत नाहीत. तिथे शेपटी चावणं अजिबात होत नाही असं नाही, पण जागा, पेंढा, हवा यांवर लक्ष दिलं तर धंदा चालतो, हे त्यांनी दाखवून दिलंय.

नाकाला काम म्हणून काय द्यावं हेही आता बऱ्यापैकी कळलंय. युरोपीय आयोगाच्या २०१६ च्या शिफारशींत चार कसोट्या आहेत. वस्तू खाता यावी, चावता यावी, हुंगून तपासता यावी आणि उलथापालथ करता यावी. पेंढा चारही कसोट्यांवर उतरतो. पुष्कळ फार्मांवर टांगलेली लोखंडी साखळी मात्र खाता येत नाही, झिजत नाही, बदलत नाही, आणि डुकराला तिचा लगेच कंटाळा येतो. किती पेंढा पुरे होतो हे डेन्मार्कमध्ये तपासलं, तेव्हा उत्तर दर डुकरामागे दिवसाला सुमारे ४०० ग्रॅम असं आलं. अडचण एवढीच की पेंढा जमिनीच्या फटींतून खाली जातो आणि मलमूत्राची नळवाट तुंबवतो. तिढा बराचसा इथेच आहे. जमीन अशी बांधलीय की जनावराला जे हवं तेच तिला चालत नाही.

## “शेडमध्येच जन्मलेल्याला मोकळीक काय माहीत?”

हा आक्षेप पहिल्यांदा ऐकताना पटतो. जे पाहिलंच नाही त्याची उणीव कशी भासेल? पण उकरणं आणि घरटं बांधणं हे कुणी बघून शिकत नाही. पहिलटकर डुकरीण कधीही दुसरीला विताना न पाहता घरटं बांधायला घेते. एडिनबर्गच्या डुकरांनाही रानात राहणारं कुणी दाखवायला नव्हतं.

## “दुःखी असतं तर एवढं वाढलं असतं का?”

रोज पाऊण-एक किलो वजन वाढणारं जनावर नाखूश कसं असेल, असं पशुपालक मनापासून विचारतात. आजारी किंवा उपाशी जनावर वाढत नाही हे खरंच. पण वाढीचा वेग आपण निवड करून जनुकांत बसवलाय. गज चावत बसलेली डुकरीणही वेताला चौदा पिलं देते. शिवाय हिशेब कप्प्याचा किंवा चौरस फुटाचा मांडला जातो. गर्दी वाढवली की एकेका डुकराची वाढ थोडी घटते, पण त्याच जागेतून एकूण मांस जास्त निघतं. मालकाचा फायदा आणि एकट्या जनावराचं बरं-वाईट, या दोन गोष्टी इथे वेगळ्या वाटांनी जातात.

मग बरं-वाईट मोजायचं कसं? एक वाट आवाजाची. २०२२ मध्ये एलोडी ब्रीफर यांच्या गटाने ४११ डुकरांचे ७,४१४ आवाज जन्मापासून कत्तलीपर्यंतच्या प्रसंगांतून जमवले आणि आवाजावरून प्रसंग सुखाचा की त्रासाचा हे संगणकाला ९२ टक्के वेळा ओळखता आलं. सुखाचे आवाज तोकडे, त्रासाचे लांब आणि उंच पट्टीचे.

दुसरी वाट जास्त चतुर आहे. न्यूकॅसलमध्ये २०१२ मध्ये डुकरांना शिकवलं की अमुक आवाज झाला की सफरचंद मिळतं, तमुक आवाज झाला की तोंडासमोर प्लास्टिकची पिशवी फडफडते. मग कधीच न ऐकलेला तिसराच आवाज ऐकवला. पेंढा आणि खेळायला वस्तू असलेल्या कप्प्यातली डुकरं बहुतेक वेळा चांगलं काहीतरी मिळेल अशा बेताने पुढे आली, ओक्याबोक्या कप्प्यातली बिचकली. कप्पे अदलाबदल केल्यावर वागणंही बदललं. माणसांतही खचलेल्या मनाला धूसर गोष्ट वाईटच वाटते, त्यामुळे हा प्रयोग मला आकडेवारीपेक्षा जास्त बोलका वाटतो.

## “पिंजरा काढला तर आई पिलांना चिरडेल”

सगळ्यात सबळ आक्षेप हाच आहे. आई दोन-अडीचशे किलोची, पिलू जेमतेम दीड किलोचं. ती धप्पकन आडवी झाली की खाली आलेलं पिलू मरतं. विणीचा पिंजरा तिला हळूहळू बसायला लावतो, म्हणून तो आला.

स्वित्झर्लंडने दहा वर्षांची मुदत देऊन २००७ पासून हा पिंजरा बंद केला. त्या काळात तिथल्या फार्मांची आकडेवारी तपासली तेव्हा असं दिसलं की मोकळ्या कप्प्यांत चिरडून मरणारी पिलं थोडी जास्त, पिंजऱ्यांत इतर कारणांनी मरणारी जास्त, आणि एकूण मृत्यू जवळपास सारखे. अर्थात नुसता पिंजरा उचलून नेला आणि बाकी तसंच ठेवलं तर मृत्यू वाढतात. कप्पा मोठा हवा, तिला टेकून बसायला उतरत्या भिंती हव्यात, पिलांना ऊब असलेला वेगळा कोपरा हवा, घरट्याला पेंढा हवा, आणि आईची निवड फक्त पिलांच्या संख्येवर न करता शांत स्वभावावरही करायला हवी. वेताला सोळा-सतरा पिलं आणि सड चौदा, अशी पैदास करायची आणि मग पिलं दगावतात म्हणून आईला बांधायचं, हे मला तर्काला धरून वाटत नाही. पिलू जितकं लहान आणि अशक्त, तितकं ते चिरडलं जाण्याची शक्यता जास्त. आणि वेत मोठं झालं की पिलं लहान होतातच.

गाभणपणाच्या पिंजऱ्याची बाजू याहून कितीतरी कमकुवत आहे. तिथे पिलंच नसतात. तो ठेवण्याचं कारण म्हणजे एकत्र ठेवलेल्या डुकरिणी भांडतात. अनोळखी डुकरं एकत्र आली की एक-दोन दिवस जोरात लढून उतरंड ठरवतात, हे खरं आहे. पण खाण्याची सोय नीट लावली तर पुढे फारसं भांडण उरत नाही. आता कानातली चिप ओळखून एकेकीला आत घेणारी आणि तिचाच वाटा देणारी यंत्रं आहेत. ब्रिटनने हे पिंजरे १९९९ मध्ये बंद केले, युरोपीय संघाने २०१३ मध्ये. संघाच्या नियमाला मात्र एक खिडकी आहे. रेतनानंतरचे पहिले चार आठवडे डुकरिणीला पिंजऱ्यात ठेवता येतं. विणीचा पिंजरा तर संघात अजून कायदेशीरच आहे.

## “मग सगळी उघड्यावर सोडा की!”

ब्रिटनमधल्या सुमारे ४० टक्के पैदाशीच्या डुकरिणी उघड्यावर, पत्र्याच्या कमानींखाली राहतात. चित्र छान दिसतं. पण गोऱ्या वाणाची कातडी उन्हात भाजते, जंत होतात, कोल्हे पिलं नेतात, चिकट मातीत पावसाळ्यात रान म्हणजे नुसता राडा होतो. कुरण उकरून टाकू नये म्हणून काही ठिकाणी डुकरिणीच्या नाकात कड्या घालतात. मग उकरलं की दुखतं. म्हणजे मोकळी हवा द्यायची आणि तीत जे करायचं तेच बंद पाडायचं.

रोगांचा प्रश्न याहून मोठा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर माणसाला होत नाही, पण २०१८ मध्ये तो चीनमध्ये शिरला आणि कोट्यवधी डुकरं गेली. युरोपात तो रानडुकरांतून पसरतो. असा रोग आसपास असताना जनावरं बंद शेडमध्ये ठेवण्यात शहाणपण असतं. दुसऱ्या बाजूला दाट पालनाचे स्वतःचे रोग आहेत. महिन्याभरात आईपासून तोडलेल्या पिलाचं पोट अजून तयार नसतं, त्याला हगवण लागते, आणि ती आवरायला वर्षानुवर्षं खाद्यातून जस्ताचे मोठे डोस आणि प्रतिजैविकं दिली गेली. जस्ताच्या औषधी डोसांवर युरोपीय संघाने जून २०२२ पासून बंदी घातली. तेव्हा उघडं की बंद, हा प्रश्नच थोडा चुकीचा आहे. आत पेंढा, कोपरे, पुरेशी जागा आणि झोपण्या-हगण्याच्या वेगळ्या जागा असलेली शेडही डुकराला मानवते.

## पैसे कोण भरणार?

जागा वाढवली की दर शेडमागे डुकरं कमी होतात, पेंढा टाकायला आणि काढायला माणसं लागतात. खर्च वाढतो. शेडचं कर्ज फेडायला वीसेक वर्षं लागतात, म्हणून कुठलाही बदल लांब मुदतीने येतो. शिवाय एका देशाने नियम कडक केले आणि आयात मोकळी ठेवली तर मांस बाहेरून येतं, पिंजरे फक्त सीमेपलीकडे जातात. ब्रिटनमध्ये १९९९ नंतर डुकरांची संख्या घटली, त्यात इतर कारणांबरोबर हेही होतं. कॅलिफोर्नियाचा कायदा उद्योगाला इतका झोंबला तो यामुळेच, कारण त्याने पाळण्यावर नव्हे तर विक्रीवर बोट ठेवलं.

दुसरा उपाय लेबलांचा. जर्मनीने २०२३ मध्ये कायदा करून डुकराच्या ताज्या मांसासाठी पाच पायऱ्या ठरवल्या, साध्या शेडपासून सेंद्रिय पालनापर्यंत. ग्राहकाने पायरी पाहावी आणि ठरवावं. फक्त या पायऱ्या डुक्कर वाढवण्याच्या शेवटच्या काही महिन्यांपुरत्याच आहेत. त्याची आई गाभणपणी आणि विताना कशी ठेवली होती, शेपटी छाटली होती का, कत्तलीआधी बेशुद्ध करायला ज्या कार्बन डायऑक्साइडच्या खड्ड्यात उतरवतात तिथे काय झालं, हे त्या लेबलावरून कळत नाही. खड्ड्यातला वायू नाकातोंडाच्या ओल्या अस्तराला झोंबतो आणि शुद्ध हरपेपर्यंत डुकरं धडपडतात, हे संशोधकांनी नोंदवलंय. असं कुठलंही लेबल हाती आलं तर ते डुकराच्या आयुष्यातल्या कोणत्या टप्प्याबद्दल आहे, हे आधी पाहावं. बहुतेक लेबलं आईपर्यंत पोचतच नाहीत.